काम क्रमांक एकशे नव्वद

१४ जानेवारी, मंगळवार

डायरी मिळाली. राजनंदिनीताईंच्या ऑफिसात संक्रांतीचा कार्यक्रम होता. ताई म्हणजे आमच्या आमदार. बचत गटांच्या सगळ्या अध्यक्षांना बोलावलं होतं, म्हणून मी गेले. मागच्या वर्षी स्टीलचा डबा दिला होता. डबाच बरा होता.

प्रत्येक पानावर वर कोपऱ्यात ताईंचा फोटो आणि खाली एक ओळ. ताईंचे काम क्रमांक एक, दोन, तीन. ३६५ दिवस, ३६५ कामं. मी दत्तप्रसादला विचारलं, फेब्रुवारीत एक दिवस जास्त येतो त्या वर्षी काय करता? तो ताईंचा पी.ए. आहे. हसला नाही. म्हणाला, "सुशीलाताई, पुढच्या बाई थांबल्यात."

मी चौथी पास. पाचवीत तीन महिने बसले, तेवढंच. आम्रपाली म्हणाली, "आई, लिही रोज. तेवढा वेळ तुझं तोंड तरी बंद राहील." पोरगी बुधवार पेठेत मोबाईलच्या दुकानात उभी असते दिवसभर, तिथून ही भाषा शिकून येते. माझ्याकडून नाही शिकली.

१९ जानेवारी, रविवार

सगळी डायरी चाळली. आमची पिंपळटेकडी वस्ती कुठे आहे ते शोधत होते. सापडली. ९ जुलैच्या पानावर.

काम क्रमांक १९०. पिंपळटेकडी वस्ती, कोथरूड. संरक्षक भिंतीबाबत विधानसभेत प्रश्न. भिंतीचे काम पूर्ण.

भिंत म्हणजे आमच्या डोक्यावरची. वर सोसायटी, खाली आम्ही, मधे ही वीस फूट दगडाची भिंत. वर्षानुवर्षं तिला तडा आहे. हात आत जातो एवढा. पूर्ण कुठे झालं? मग लक्षात आलं, पान जुलैचं आहे. म्हणजे ९ जुलैपर्यंत करणार. छापलंय म्हणजे ठरलंय.

नळावर सगळ्यांना सांगितलं. सुंदराबाई म्हणाल्या, "सुशे, उद्या माझ्याकडे भाजी काय ते पण बघ की त्यात."

त्यांचं घर भिंतीला अगदी चिकटून. माझं एक ओळ सोडून. तरी टोमणे त्यांचेच.

२१ जानेवारी, मंगळवार

ऑफिसात जाऊन दत्तप्रसादला विचारलं, नऊ जुलै नक्की ना? त्यानं आधी पान बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "हो हो, तसंच धरून चाला."

१३ मार्च, गुरुवार

कालच्या पानावर, पाणपोईचे उद्घाटन. आजच्या पानावर, सदर पाणपोईस कूलर. उद्याचं पण वाचलं, सदर पाणपोईची पाहणी. परवा पाणी प्यायला येतील बहुतेक.

बाकी काही नाही. वरच्या सोसायटीत मी घरकाम करते, तिथल्या डी विंगमधल्या मॅडमनी कपाट पुसायला लावलं, वेगळे पैसे नाहीत.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंती झाली. विहाराला रंग दिला, निळ्या पताका लावल्या, वस्ती नुसती चमकत होती. भिंत मात्र तशीच. काळी, शेवाळलेली, आणि भिंतीत बसवलेल्या आठ पाइपातून घाण पाणी गळतंय. पाऊस नाही, काही नाही, तरी गळतंय. वर सोसायटीचं गार्डन आहे, त्याचं पाणी. आमच्या गल्लीत बारा महिने चिखल.

सुंदराबाईंनी तड्यावर काचा चिकटवल्यात. तीन. बोटभर रुंद पट्ट्या, अलीकडून पलीकडे, दोन्ही टोकांना सिमेंट. वर पेन्सिलीनं तारीख. त्यांचे मालक गवंडी होते. ते असंच करायचे म्हणे.

"हे कशाला?"

"भिंत हलली की काच तडकते. आपल्याला कळतं."

"डोळ्यांनी नाही कळत?"

"तुझ्या डोळ्यांनी तर नाहीच," म्हणाल्या.

२७ मे, मंगळवार

यंदा मे महिन्यातच धो धो. पण आज मोठी बातमी आहे.

दत्तप्रसाद स्वतः वस्तीत आला. बूट हातात घेऊन, चिखलातून. ११ जूनला आमदारांची समिती येणार. मंत्री विधानसभेत एखादा शब्द देतात, तो पुढे पाळला का नाही हे ही समिती बघते. ताईंनी दोन वर्षांपूर्वी आमच्या भिंतीचा प्रश्न विचारला होता. मंत्री म्हणाले होते, करू. आणि ताई स्वतःच या समितीत आहेत.

म्हणाला, "प्रश्न ताईंचा, समितीत ताई, कार्यअहवालात काम ताईंचं. वाईट दिसायला नको, सुशीलाताई. मोठे लोक येतायत. वस्ती अशी करा की बघत राहिले पाहिजेत."

मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. घरात पाहुणा येणार म्हटल्यावर उकिरडा दाखवायची आमची रीत नाही. चुना, ब्रश सगळं पाठवतो म्हणाला.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला नीट विचारलं.

५ जून, गुरुवार

इंजिनिअर साहेब आले. भिंतीला हात न लावता छत्रीच्या टोकानं दाखवत होते, इथे गिलावा, इथे गिलावा. तड्यावर पण. म्हणाले, "पाणी गळतंय तोवर गिलावा टिकणार नाही. समिती यायच्या आत भिंत कोरडी दिसली पाहिजे."

"मग पाणी बंद करा की वरचं."

"ते सोसायटीचं आहे. माझ्या हातात नाही."

यांच्या हातात छत्री तेवढी असते.

मी काय केलं, घरातले जुने लुगड्याचे तुकडे, परकर, गोणपाट सगळं काढलं. आठही पाइपात बोळे कोंबले. लाटण्यानं ठोकून ठोकून. वरून सिमेंटचा हात. अर्ध्या तासात गळती बंद. आता समिती गेली की काढायचे, एवढंच.

गटातली यमुनाबाई म्हणाली, "अध्यक्ष, तुम्हालाच इंजिनिअर करायला पाहिजे होतं." झालेच असते, पाचवीतून काढलं नसतं तर.

९ जून, सोमवार

गिलावा झाला. गिलाव्याच्या माणसाचं नाव संपत. त्यानं साहेबांना विचारलं, पाइपांची तोंडं उघडी ठेवायची का? साहेब फोनवर होते, हातानंच सांगितलं, चालू दे. त्यानं सगळं एकसारखं लिंपून टाकलं. पाइप कुठे होते तेही कळत नाही आता.

त्याच्या आधी काचा काढाव्या लागल्या. सुंदराबाई दवाखान्यात गेल्या होत्या सदाशिव पेठेत, गुडघ्याला. त्या असत्या तर काढू दिल्या नसत्या. म्हणून बरंच झालं. पाहुण्यांसमोर भिंतीवर असल्या फुटक्या काचा काय शोभा? मधली तर आधीच तडकलेली होती, मधोमध. कोणीतरी दगड मारला असेल. एक तुकडा खिडकीत ठेवलाय, त्यांना द्यायला.

बायकांनी दोन हात चुना मारला. खाली गेरूचा पट्टा. बघत राहावं अशी झाली.

संध्याकाळी सुंदराबाई आल्या. काच हातात घेऊन बघत बसल्या. ओरडतील म्हणून मी तयार होते. ओरडल्या नाहीत.

"ही काढताना फुटली का आधी?"

"आधी."

काच परत माझ्या खिडकीत ठेवून घरात गेल्या. कडी लावली.

११ जून, बुधवार

समिती आली. सात आमदार, दोन गाड्या, पोलीस. रांगोळी काढली होती, सगळ्यांना ओवाळलं, चहा दिला काचेच्या कपात. ताईंनी खांद्यावर हात ठेवला. "या आमच्या सुशीलाताई. यांच्यासारख्या महिला आहेत म्हणून आमची कामं दिसतात."

एका म्हाताऱ्या आमदारांनी भिंतीवर टकटक केलं. म्हणाले, "कोरडी आहे. चांगलं काम केलंय."

मला बरं वाटलं. का वाटू नये? काम मीच केलं होतं.

तेवढ्यात सुंदराबाई पुढे आल्या. म्हणाल्या, "साहेब, आत तडा आहे." दत्तप्रसाद मधे आला. "आजी, आपण नंतर बोलू, साहेबांना पुढे सासवडला जायचंय." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी बोलेन म्हणून. मी कप गोळा करत होते.

जाताना लिहून घेणाऱ्या साहेबांनी कागद पुढे केला. मी सही केली. सही मी नवऱ्याच्या माघारी शिकले, रेशनकार्डासाठी. हळू होते पण होते. सगळे थांबून राहिले माझ्यासाठी.

आम्रपालीनं विचारलं, "कशावर केलीस सही?"

"ते आले होते त्याची."

"वाचलंस?"

"अगं, आमदार उभे होते उन्हात."

१५ जून, रविवार

गल्ली कोरडी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पावसात चपला स्वच्छ. सगळे खूश आहेत. बोळे राहू देत आणखी थोडे दिवस.

१९ जून, गुरुवार

तीन दिवस थांबायचं नाव नाही. सुंदराबाई आज स्वतःहून बोलल्या, दहा दिवसांनी.

"सुशे, भिंतीनं पोट काढलंय."

मी बघितलं. मला काही दिसेना. चुना तर तसाच आहे.

"पाइप फोड. पाण्याला वाट दे. माझा राकेश रविवारी रजेवर आहे, त्याला छिन्नी घेऊन लावते."

मी म्हटलं, बघू.

२२ जून, रविवार

राकेश खरंच आला छिन्नी-हातोडा घेऊन. सुंदराबाईंचा मुलगा, बस चालवतो. दोन घाव घातले नसतील, मी धावले. म्हटलं, कालपरवा लिंपलेली भिंत फोडतोस? सरकारी काम आहे. समितीनं बघून गेलेलं. गुन्हा दाखल होईल, अध्यक्ष मी आहे, माझ्या गळ्यात येईल. सतरा दिवस थांब, नऊ जुलैला मोठं काम होणारच आहे. डायरी आणून दाखवली.

त्यानं पान वाचलं. दोनदा वाचलं.

"मावशी, यात काम पूर्ण असं लिहिलंय. होणार असं नाही लिहिलं."

"नऊ तारखेला होईल पूर्ण. तारीख बघ ना वर."

आईकडे बघितलं त्यानं. तिनं मान हलवली, नको म्हणून. भांडणं नको म्हणून असेल. तो गेला. छिन्नी दारात ठेवून गेला.

जरा जास्तच बोलले मी. पण कोणीतरी बोलायला पाहिजे.

२६ जून, गुरुवार

भिंत पडली. सुंदराबाई गेल्या.

२९ जून, रविवार

झोप नाही, जेवण नाही. लिहिते.

मी वर होते, सोसायटीत, डी विंग, तिसरा मजला. पावणेनऊ वाजले होते. बाल्कनीत फडकं पिळत होते. तिथून आमची वस्ती दिसते, सगळे पत्रे. माझा निळा ताडपत्रीचा.

भिंत पडताना आवाज होईल असं वाटतं माणसाला. आधी काहीच झालं नाही. गेरूचा पट्टा मधेच वाकला. म्हणजे मी बघत होते आणि सरळ रेघ होती ती वाकली. मग पांढरं सगळं पुढे आलं, सावकाश, आणि त्याच्यामागून पाणी. एवढं पाणी कुठे होतं? लाल, गढूळ, सोसायटीच्या गार्डनची माती घेऊन. मग आवाज.

मॅडम म्हणाल्या, "सुशीला, काय पडलं गं?"

मी खाली कशी गेले माहीत नाही. फडकं हातातच होतं.

दोन घरं गेली. एकातली माणसं कामावर होती. दुसरं सुंदराबाईंचं. गुडघ्यामुळे त्यांना पटकन उठता येत नव्हतं. अग्निशमनवाल्यांनी दोन तासांनी काढलं. मी तोंड बघितलं. चुना लागला होता सगळीकडे. आम्ही मारलेला.

विहारात वंदना झाली. राकेशच्या शेजारी बसायला गेले तर तो उठला नाही, फक्त जरा सरकून बसला. त्याला जागा होती तरी सरकला.

२ जुलै, बुधवार

आज ढिगाऱ्यात भांडी शोधायला गेलो होतो आम्ही बायका. राकेशला त्याच्या आईची तांब्याची कळशी पाहिजे होती.

कळशी नाही सापडली. पाइप सापडला. हातभर लांब, अजून दगडात अडकलेला, आणि त्यात बोळा. जांभळा. माझ्या लग्नातल्या लुगड्याचा काठ. ओढून बघितला, निघेना. इतका घट्ट. मी ठोकलेला.

तिथेच बसले. यमुनाबाई म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, पाय मुरगळला.

पाणी दिसत नव्हतं म्हणून मी खूश होते. ते गेलं कुठे, हे विचारलंच नाही मी. वीस दिवस ते भिंतीमागे उभं होतं. त्या सांगत होत्या, पोट काढलंय. काच सांगत होती. मी म्हटलं, दगड मारला असेल कोणी.

४ जुलै, शुक्रवार

दत्तप्रसाद आला. बूट घालूनच आला या वेळी.

"समिती येत्या सोमवारी परत येतेय. ताई फार डिस्टर्ब आहेत. तुम्ही फक्त एवढं करा, जागा जरा साफ करून घ्या, सुंदराबाईंचा फोटो, हार, पणती. ताई श्रद्धांजली वाहतील."

मी म्हटलं, भोकं मी बुजवली होती.

त्यानं आवाज खाली आणला, "हे कोणाला सांगितलंय?"

"अजून नाही."

"मग नकाच सांगू. ढगफुटी झाली, नैसर्गिक आपत्ती आहे. सुशीलाताई, ११ तारखेच्या कागदावर तुमची सही आहे. भिंत सुस्थितीत आहे, रहिवासी समाधानी आहेत. वस्तीच्या वतीनं. उद्या चौकशी लागली तर पहिलं नाव कोणाचं येईल? घरात तरुण मुलगी आहे तुमच्या. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

असं होतं होय त्या कागदावर.

तो गेल्यावर आम्रपालीला सगळं सांगितलं. बोळे, काचा, राकेशची छिन्नी, सही. पोरगी एरवी एका वाक्यात चार वेळा इंग्रजी बोलते. आज सगळं मराठीत. म्हणाली, "तू बोललीस तर तुला आत टाकतील."

"टाकतील."

"आणि नाही बोललीस तर?"

मी पीठ मळायला घेतलं. पाणी जास्त झालं, पुन्हा पीठ घातलं, तरी जमेना.

९ जुलैचं पान

आज नऊ नाही. आज सोमवार, सात जुलै. पण हे मी याच पानावर लिहिणार आहे.

सकाळी बायका झाडू घेऊन आल्या, सवयीनं. यमुनाबाई म्हणाली, "अध्यक्ष, कुठून सुरुवात करू?" मी म्हटलं, झाडू ठेवा. एक दगड हलवायचा नाही. रांगोळी नाही, चहा नाही. जसं पडलंय तसं बघू देत.

समिती आली. या वेळी गल्लीच्या तोंडाशीच थांबली, पुढे जागा नव्हती. ताईंनी पांढरी साडी नेसली होती. फोटो शोधत होत्या हार घालायला. फोटो मी ठेवला नव्हता.

मी पुढे गेले. पाइप आणला होता, राकेशकडून छिन्नी मागून घेऊन दगडातून काढलेला. छिन्नी देताना त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. काचेचा तुकडा पण आणला. म्हटलं, लिहून घ्या. भोकं मी बुजवली. काचा मी काढल्या. इंजिनिअर साहेबांनी कोरडी दिसली पाहिजे म्हणून सांगितलं आणि बोळ्यांवरून गिलावा करवून घेतला. या दत्तप्रसादनं चुना पाठवला. तुमच्यासाठी केलं हे सगळं. तुम्ही येणार म्हणून.

म्हातारे आमदार पाइपाकडे बघत राहिले. टकटक केलं होतं तेच. त्यांनी हात मागे घेतले, पाठीमागे बांधले.

लिहून घेणाऱ्या साहेबांचं पेन थांबलं होतं. मी म्हटलं, लिहा ना. त्यांनी ताईंकडे बघितलं.

ताई म्हणाल्या, "सुशीलाताईंची जवळची मैत्रीण गेलीय. त्या भावनेच्या भरात आहेत. आपण मुद्द्यावर येऊ."

मैत्रीण कुठली? जन्मभर भांडलो आम्ही.

"पावसाचं प्रमाण घ्या," ताई म्हणाल्या. पेन चालू झालं.

राकेश तिथेच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. गाड्या गेल्यावर माझ्यासमोर आला. मला वाटलं मारेल. मारावं असं वाटत होतं. म्हणाला, "त्या दिवशी मी फोडलं असतं, मावशी." एवढंच. मावशी म्हणाला अजून.

त्यांनी लिहिलं नाही. म्हणून मी लिहिते.

पाच जूनला पिंपळटेकडीच्या भिंतीची आठ भोकं मी, सुशीला, लुगड्याच्या चिंध्यांनी बुजवली. नऊ जूनला तीन काचा मी काढल्या, एक फुटलेली होती. बावीस जूनला राकेश भिंत फोडायला आला, त्याला मी अडवलं, हे पान दाखवून. अकरा जूनला खोट्या कागदावर सही मी केली. इंजिनिअर साहेबांनी भोकं लिंपताना थांबवलं नाही. दत्तप्रसादनं तोंड बंद ठेवायला सांगितलं. ताईंनी लिहू दिलं नाही. सव्वीस जूनला सुंदराबाई गेल्या.

खाली छापलंय, काम पूर्ण. ते खोडत नाही. राहू दे तिथेच, माझ्या अक्षराखाली.

उद्या डी विंगला जाणार नाही. ही डायरी राकेशच्या हातात देणार आहे. त्यानं पोलिसात न्यावी नाहीतर चुलीत घालावी, त्याचा हक्क आहे. पोलिसात नेली तर मीही जाईन त्याच्याबरोबर. आम्रपालीचे दोन ड्रेस आणि कागदपत्रं यमुनाबाईकडे ठेवून झालीत.

खाली सही केली. आधी सगळं वाचलं, दोनदा.

सुशीला